संगणक आणि ध्वनिमुद्रणाचे यंत्र : मेळ पाहावा कसा



आजचा विषय वसंत व्याख्यानांना शोभेल काय, अशी शंका काहींच्या मनात आली असल्यास नवल नाही. इतिहास, वाङ्मय, समाजकारण यांच्या पंक्तीला यूएसबी ऑडिओ इंटरफेस येऊन बसावा हे जरा चमत्कारिक दिसते खरे. परंतु नीरा-भीमेच्या संगमावरच्या नरसिंहपुराला हा विषय परका मानण्याचे कारण नाही. विठ्ठल शिवदेव विंचूरकरांनी अठराव्या शतकात उभारलेल्या इथल्या मंदिरात आजवर किती कीर्तनकार उभे राहिले, किती भजनी मंडळांनी रात्री जागवल्या, याची गणती कोणी ठेवलेली नाही. दगड राहिला, घाट राहिला. आवाज तेवढे विरून गेले. आवाज धरून ठेवण्याचे साधन आता साध्या भजनी मंडळाच्याही आवाक्यात आले आहे. अडते ते दुसऱ्याच ठिकाणी.

समजा, एका मंडळाने वर्गणी काढून दोन माईक आणि एक ऑडिओ इंटरफेस आणला. मंडळातल्याच कोणाचा तरी लॅपटॉप आहे. गावातल्या पंच्याऐंशी वर्षांच्या एका आजींच्या जात्यावरच्या ओव्या मुद्रित करावयाचे ठरले. आजी जात्यापाशी बसल्या, माईक लागला, यंत्रावर हिरवा दिवाही लागला; आणि संगणक सांगतो की हे उपकरण मला ओळखता येत नाही. यंत्र पुण्याहून आणलेले. दुकानदाराचा फोन लागत नाही. तासभर खटपट झाल्यावर आजीच म्हणतात, "राहू द्या बाबांनो, पुन्हा कधीतरी बघू." पंच्याऐंशीव्या वर्षी 'पुन्हा कधीतरी' या शब्दांचा अर्थ काय, हे मी आपणांस सांगावयास नको. आणि गंमत अशी की यंत्र बिघडलेले नसते, संगणकही धडधाकट असतो. त्या दोघांचा एकमेकांशी मेळ नसतो, एवढेच. हा मेळ खरेदीपूर्वी अर्ध्या तासात पाहता येतो. तो कसा पाहावा, आणि तो पाहण्याची वेळ मुळात का येते, हे आज सांगावयाचे आहे.

प्रथम यंत्राविषयी थोडे. आवाज म्हणजे हवेची थरथर. माईक त्या थरथरीची वीज करतो. संगणकाला मात्र वीज समजत नाही, आकडे समजतात. तेव्हा त्या विजेची उंची दर सेकंदाला अठ्ठेचाळीस हजार वेळा मोजून तिचे आकडे करावयाचे आणि ते ओळीने संगणकाकडे धाडावयाचे, हे ऑडिओ इंटरफेसचे काम. प्रत्येक माप चोवीस बिटांचे असते. म्हणजे १ कोटी ६७ लाखांहून अधिक पायऱ्यांची मोजपट्टी. संगणकाच्या पोटातही असे मापन करणारा भाग असतो, नाही असे नाही. पण तो पंख्याच्या आणि इतर विजेच्या गोंगाटात बसलेला असतो आणि चांगल्या माईकला लागणारी ४८ व्होल्टची वीज तो देऊ शकत नाही. म्हणून ही वेगळी पेटी. (पेटी म्हटले की आपल्याकडे हार्मोनियम आठवते, म्हणून मी इंटरफेस हाच शब्द वापरतो. याहून चांगला शब्द कोणी रुळवला तर मला आनंदच आहे.)

आता ही यंत्रे संगणकाशी बोलतात कशी? पूर्वी प्रत्येक यंत्राची तार निराळी आणि भोकही निराळे असे. १९९६ साली यूएसबी नावाची सर्वांना सामाईक अशी जोडणी ठरली. ती ठरविणाऱ्यांत इंटेल कंपनीतले अजय भट्ट हे प्रमुख होते, आणि त्यांचे अभियांत्रिकीचे शिक्षण बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विश्वविद्यालयात झाले, हे सयाजीरावांना मानणाऱ्या महाराष्ट्रीयांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे. पण भोक सारखे झाले म्हणून भाषा सारखी झाली असे नव्हे. एकाच एस. टी. त शेजारी शेजारी बसलेला तमिळ आणि मराठी प्रवासी बोलणार कसे? त्यांना दुभाष्या लागतो. संगणकातल्या या दुभाष्याला ड्रायव्हर म्हणतात. तो एक छोटा प्रोग्राम असतो. एका बाजूस त्याला यंत्राची भाषा यावी लागते आणि दुसऱ्या बाजूस संगणकाच्या कार्यप्रणालीची, म्हणजे विंडोज, मॅक, लिनक्स यांपैकी जी असेल तिची.

सारी मेख या दुभाष्यात आहे. यंत्राचा देह लोखंडाचा, तो वीस वर्षे टिकेल. कार्यप्रणाली दर दोनतीन वर्षांनी आपली बोली थोडी बदलते. दुभाष्याला ती नवी बोली शिकविण्याचे काम यंत्र बनविणाऱ्या कंपनीचे. आणि जुने यंत्र विकले जात नाही तर त्याच्या दुभाष्यावर खर्च कोण करील? कंपनी त्याचे नाव यादीतून काढते आणि उत्तम चालणारे यंत्र एका रात्रीत मुके होते. यंत्राचे आयुष्य त्याच्या लोखंडावर ठरत नसून त्याच्या दुभाष्यावर ठरते, हे एकदा ध्यानात आले की बाकीच्या गोष्टी सोप्या आहेत.

याची साक्ष आपल्याच प्रांतात आहे. पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या ओव्या गोळा करण्याचे फार मोठे काम केले. एक लाखाहून अधिक ओव्या त्यांच्या संग्रहात लिहिल्या गेल्या. पुढे बर्नार्ड बेल यांच्या साह्याने त्यांतल्या कितीतरी गायिकांचा आवाजही डिजिटल ऑडिओ टेपवर घेतला गेला. पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया या संस्थेमुळे आज तो कोणालाही ऐकता येतो. आपल्या इंदापूर तालुक्यातल्या बायांचे गळेही त्यांत आहेत. आता ही डिजिटल ऑडिओ टेप पाहा. ती १९८७ साली आली तेव्हा तिच्यावरचे मुद्रण फार शुद्ध मानले जाई. २००५ साली सोनी कंपनीने तिची यंत्रे बनविणे थांबविले. आज एखाद्याच्या कपाटात तशी टेप सापडली तर ती वाजवावयास यंत्र शोधत हिंडावे लागते. ओव्यांचा संग्रह वाचला, कारण तो वेळेवर संगणकात उतरवून घेतला गेला. फायरवायर नावाच्या जोडणीचे असेच झाले. एके काळी मोठमोठ्या स्टुडिओंतून तिचेच इंटरफेस असत. ॲपलने २०२५ च्या मॅक प्रणालीतून तिचा आधारच काढून घेतला.

यावर उतारा निघाला आहे, आणि तो फार शहाणपणाचा आहे. प्रत्येक यंत्राला स्वतंत्र दुभाष्या ठेवण्यापेक्षा सर्व ध्वनियंत्रांनी एकच ठरलेली भाषा बोलावी आणि ती कार्यप्रणालीला जन्मतःच यावी, अशी ही योजना. तिचा पहिला मसुदा १९९८ साली निघाला, दुसरा २००६ साली. ही भाषा बोलणाऱ्या यंत्राला इंग्रजीत 'क्लास कंप्लायंट' म्हणतात. दुकानात हा शब्द जसाच्या तसा उच्चारावा. मराठी प्रतिशब्द सांगितला तर दुकानदार गोंधळेल. असे यंत्र जोडले की कोणताही ड्रायव्हर न घालता ते चालू लागते, आणि त्याची कंपनी उद्या बुडाली तरी चालतच राहते.

मात्र यात एक अट आहे, आणि लोक नेमके तिथे फसतात. पहिल्या मसुद्यातली भाषा जुन्या आणि नव्या, बहुतेक सर्व प्रणालींना येते. दुसऱ्या मसुद्यातली भाषा मॅकला आणि लिनक्सला २०१० च्या सुमारास आली. विंडोजला मात्र ती २०१७ साली विंडोज १० च्या १७०३ या आवृत्तीपासून येऊ लागली. विंडोज ७ ला ती कधीच आली नाही. म्हणून खोक्यावर 'क्लास कंप्लायंट' लिहिलेले असूनही जुन्या विंडोजवर यंत्र मुके राहते. दुकानदार खोटे बोलला असे म्हणता येत नाही, आणि खरे सांगितले असेही म्हणता येत नाही.

दोन मसुदे कशासाठी, असे कोणी विचारील. हिशेब सोपा आहे. सेकंदाला ४८ हजार मापे, प्रत्येक माप २४ बिटांचे, माईक दोन; गुणाकार केला तर सेकंदाला सुमारे २३ लाख बिट होतात. पहिल्या मसुद्याची यंत्रे ज्या जोडणीवर चालतात तिची वाट सेकंदाला १ कोटी २० लाख बिटांची. दोन माईक त्यातून आरामात जातात. पण पखवाज, टाळ, पेटी, मुख्य गायक आणि मागचे चार टाळकरी अशा प्रत्येकाला वेगळा माईक देऊन आठ वाटा केल्या तर तोच आकडा ९२ लाखांवर जातो; शिवाय परतीचा आवाज कानाच्या फोनवर यावा लागतो. तिथे वाट अपुरी पडते आणि दुसरा मसुदा लागतो. यावरून मंडळाने आधी हे ठरवावे की आपणांस दोन माईक हवेत की आठ. एकट्या कीर्तनकारासाठी किंवा ओवी गाणाऱ्या आजींसाठी दोन पुरतात. आणि दोन वाटांचे साधे, सामाईक भाषा बोलणारे यंत्र जुन्या संगणकावरही चालण्याची शक्यता सर्वांत जास्त. महागडे यंत्र घेण्याची हौस खेडेगावात बरीच दिसते. ती लग्नातल्या स्पीकरपुरती ठेवावी असे माझे मत आहे.

आता आपला संगणक पाहू. विंडोज असल्यास कळफलकावर विंडोजची खूण असलेली कळ आणि आर ही कळ एकदम दाबावी, जी चौकट उघडेल तीत डब्ल्यू, आय, एन, व्ही, ई, आर ही अक्षरे लिहून एंटर दाबावे. प्रणालीचे नाव आणि आवृत्तीचा आकडा समोर येतो. तो कागदावर लिहून घ्यावा. डोक्यात ठेवू नये. मग सेटिंग्जमध्ये सिस्टीम आणि त्यात अबाऊट उघडावे. तिथे दोन गोष्टी पाहावयाच्या : प्रणाली ३२ बिटांची की ६४ बिटांची, आणि प्रोसेसर कोणता. ३२ बिटांची असेल तर नवे इंटरफेस घेण्याच्या भानगडीत पडू नये. आजच्या कंपन्या तिच्यासाठी ड्रायव्हर करीत नाहीत. मॅक असल्यास वरच्या कोपऱ्यातल्या सफरचंदावर टिचकी मारून 'अबाऊट धिस मॅक' पाहावे. तिथे इंटेलचा प्रोसेसर आहे की ॲपलचा स्वतःचा, हे कळते. ॲपलने आपला प्रोसेसर नोव्हेंबर २०२० पासून आणला, आणि त्यापूर्वी लिहिलेले कित्येक ड्रायव्हर त्यावर चालत नाहीत.

प्रोसेसरची जात पाहण्याचे आता विंडोजमध्येही कारण झाले आहे. अलीकडे काही लॅपटॉप स्नॅपड्रॅगन प्रोसेसरचे येतात. दिवसभर बॅटरी टिकते म्हणून ते लोकांना आवडतात, आणि त्यात काही गैर नाही. पण इंटेलसाठी लिहिलेला ड्रायव्हर त्यांवर चालत नाही. नेहमीचे प्रोग्राम भाषांतर होऊन चालतात, म्हणून मालकाला वाटते की सर्वच चालेल. ड्रायव्हरचे मात्र असे भाषांतर होत नाही. अशा लॅपटॉपवर सामाईक भाषेचे यंत्र घ्यावे, नाहीतर कंपनीने 'आर्म' जातीसाठी ड्रायव्हर दिला आहे काय ते आधी पाहावे.

जुना लॅपटॉप विकत घेणाऱ्यांसाठी एक गोष्ट. पुण्याच्या बाजारात पंधरा-वीस हजारांत दुरुस्त करून विकलेले लॅपटॉप मिळतात आणि आपल्याकडची अनेक मंडळे तेच घेतात. विकत घेताना प्रोसेसर इंटेलचा असेल तर तो कितव्या पिढीचा ते विचारावे. आठव्या पिढीच्या खालच्या प्रोसेसरना, एखाददुसरा अपवाद सोडल्यास, विंडोज ११ ची अधिकृत परवानगी नाही, आणि विंडोज १० ची नियमित देखभाल मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविली. म्हणून तो संगणक त्या दिवशी बंद पडला असे नाही. इंटरनेटला न जोडता नुसत्या मुद्रणासाठी ठेवला तर तो अजून बरीच वर्षे काम देईल. उलट असा एका कामाला वाहिलेला संगणक मला अधिक भरवशाचा वाटतो. पण पुढे निघणाऱ्या यंत्रांचे ड्रायव्हर त्याला मिळतील ही आशा ठेवू नये.

हा कागद हातात घेऊन मग यंत्राकडे वळावे. खोक्यावरचा मजकूर वाचून समाधान मानू नये. खोके ज्या वर्षी छापले त्या वर्षाची ती गोष्ट असते. बनविणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर त्या यंत्राच्या नेमक्या नावाने, त्याच्या नेमक्या पिढीने, ड्रायव्हरचे पान शोधावे. पिढीचा उल्लेख मी मुद्दाम करतो. एकाच नावाचे यंत्र पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या पिढीत निघते, बाहेरून जवळजवळ सारखेच दिसते, आणि ड्रायव्हर मात्र निराळा असतो. आपली प्रणाली त्या पानावर नावाने लिहिलेली असली पाहिजे. 'विंडोज १० आणि पुढे' असे मोघम लिहिले असेल तर ड्रायव्हरची शेवटची तारीख पाहावी. सहासात वर्षांत त्याला कोणी हात लावला नसेल तर त्या 'पुढे' या शब्दावर भिस्त ठेवू नये.

विंडोजवाल्यांनी आणखी एक शब्द ओळखीचा करून घ्यावा : आसिओ. जर्मनीच्या स्टाइनबर्ग कंपनीने १९९७ साली काढलेली ही एक जवळची वाट आहे. विंडोजच्या नेहमीच्या वाटेने गेल्यास आवाजाला वाटेत चारदोन ठिकाणी थांबावे लागते. आसिओने तो थेट जातो. गाणाऱ्याला स्वतःचा आवाज कानात ऐकत गावयाचे असेल तर हे महत्त्वाचे. संगणक मापांचा एकेक गठ्ठा जमवून पुढे पाठवतो. गठ्ठा २५६ मापांचा असेल तर तो भरावयास सेकंदाचा सुमारे एकशेनव्वदावा भाग लागतो. तो कळत नाही. गठ्ठा मोठा झाला की विहिरीत ओरडल्यासारखे वाटते आणि ताल चुकतो. पण केवळ कीर्तन मुद्रित करून ठेवावयाचे असेल, तर उशीर झाला काय आणि न झाला काय. तिथे गठ्ठा मोठाच ठेवावा, म्हणजे जुना संगणक धापा टाकत नाही.

विजेचा आणि तारेचा प्रश्न किरकोळ वाटतो, पण अर्ध्याअधिक तक्रारी तिथल्याच असतात. साध्या यूएसबी २ च्या भोकातून पाच व्होल्टला अर्धा अँपिअर वीज मिळते, यूएसबी ३ च्या निळ्या भोकातून ती जवळजवळ दुप्पट. ४८ व्होल्टचे माईक लावले की यंत्राची भूक वाढते. अशा वेळी एका भोकातून चार भोके करणारा हब मध्ये घालू नये. तार सरळ संगणकात घालावी. तारही पाहून घ्यावी. मोबाईल चार्ज करण्याच्या कित्येक स्वस्त तारांत आकडे वाहून नेणाऱ्या तारा घातलेल्याच नसतात. दिवा लागतो आणि संगणकाला पत्ता नसतो. यंत्र दोषी नाही, संगणक दोषी नाही, तार पन्नास रुपयांची. आणि मंडपातल्या जनरेटरवर लॅपटॉपचा चार्जर लावला की आवाजात जी घरघर येते, ती चार्जर काढून बॅटरीवर चालविल्यास पुष्कळदा जाते.

जागेचे गणित एकदा करून ठेवावे. दोन वाटांच्या या मुद्रणाला तासाला सुमारे एक गिगाबाइट लागते. दोन तासांच्या कीर्तनाला दोन. पण रात्रभराच्या जागराला निराळीच अडचण येते : नेहमीच्या वेव्ह जातीच्या फाइलला चार गिगाबाइटची मर्यादा आहे, म्हणजे चार तास होऊन गेले की ती भरते. मुद्रण करणारा प्रोग्राम शहाणा असेल तर आपोआप दुसरी फाइल उघडतो. नसेल तर पहाटेची भैरवी जाते. मुद्रकाने दर दोन तासांनी, अभंग संपता संपता, थांबवून नवी फाइल सुरू करावी हे उत्तम.

लिनक्सविषयी दोन शब्द, कारण त्याची भीती विनाकारण आहे. सामाईक भाषेची यंत्रे लिनक्सवर मुकाट्याने चालतात. कारण हा दुभाष्या त्याच्या गाभ्यातच आहे आणि तो कोणा एका कंपनीच्या मर्जीवर नाही. पेन ड्राइव्हवरून लिनक्स सुरू करून, संगणकातले काहीही न पुसता, यंत्र ओळखले जाते की नाही हे दुकानातच पाहता येते. ज्या यंत्राला कंपनीने वाऱ्यावर सोडले आहे, ते कित्येकदा असे पुन्हा बोलू लागते.

मोबाईल फोनही आता या पंक्तीत आला आहे. अँड्रॉइडच्या ५.० या २०१४ च्या आवृत्तीपासून अशी यंत्रे जोडण्याची सोय आली, पण ती प्रत्येक फोन बनविणाऱ्याने नीट ठेवली आहे असे नाही, आणि फोनची वीज लवकर संपते. आणि ज्यांना केवळ एकट्या माणसाचा आवाज जपावयाचा आहे, त्यांना मी तर सांगेन की हातातला स्वतंत्र रेकॉर्डर घ्या. त्याला संगणक लागत नाही, दुभाष्याही लागत नाही. तो कार्डावर लिहितो आणि ते कार्ड नंतर कुठेही वाचता येते.

यंत्र घरी आणल्यावर ठरल्या दिवसाच्या निदान आठवडाभर आधी ते पूर्ण वेळ चालवून पाहावे. पाच मिनिटे नव्हे. दोन तासांचे कीर्तन व्हावयाचे असेल तर दोन तास. बॅटरीवर, त्याच तारेने, त्याच भोकात, तेच माईक लावून. मग संगणकाच्या आपोआप होणाऱ्या सुधारणा त्या आठवड्यापुरत्या थांबवाव्यात. आदल्या रात्री प्रणाली बदलली की सगळी परीक्षा पुन्हा. ज्या ड्रायव्हरवर यंत्र नीट चालले त्याची फाइल पेन ड्राइव्हवर घालून, प्रणालीची आवृत्ती, ड्रायव्हरचा आकडा आणि तारीख लिहिलेल्या चिठ्ठीसह यंत्राच्याच खोक्यात ठेवावी. मंडळाचे चिटणीस बदलले तरी खोके त्याच कपाटात राहते.

आणि मुद्रण झाल्यावर त्या रात्रीच्या फाइली दोन निरनिराळ्या ठिकाणी उतरवून घ्याव्यात, त्यांतली एक प्रत गावाबाहेर. आजींच्या घरी एक प्रत द्यावयाची ती मात्र त्यांच्या नातवाच्या फोनवर वाजेल अशा रूपात द्यावी.